धरणावर आत्यांबरोबर

गंगापूर रोड

या सहलीची आखणी मी तीन आठवडे करत होते. आणि ज्या माणसापासून दोन दिवस लांब जावं म्हणून ती आखली, तेच माणूस शेवटी माझ्याबरोबर आलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी फार गुणी सून आहे असा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

ते माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, तशी मीही वीस वर्षं त्यांना आत्याच म्हणते. दीड वर्षापूर्वी सासरे गेले. दिंडोरीजवळच्या मळ्यातल्या घरात आत्या एकट्या कशा राहणार, म्हणून माझ्या नवऱ्याने, संदीपने, त्या घराला कुलूप लावलं आणि त्यांना आमच्या फ्लॅटवर आणलं. मुलगा शिकायला बाहेर असतो, त्याची खोली त्यांना दिली. तेव्हापासून त्या खोलीचं दार लावलेलं. भांडण नाही, तक्रार नाही. जेवायला हाक मारली की यायच्या, दोन पोळ्या खायच्या, आपलं ताट घासून ठेवायच्या आणि पुन्हा दार. मी शाळेतून दमून घरी यायचे आणि त्या बंद दाराकडे बघून माझा जीव दडपायचा. आपल्याच घरात मी हळू आवाजात बोलायला लागले होते.

त्यात पुण्याच्या माझ्या मोठ्या दिरांनी, महेशभाऊंनी, नवीन तोड काढली होती. आईने सहा महिने पुण्याला राहायचं, सहा महिने नाशिकला. महिनाअखेरीस ठरवून टाकू म्हणाले. संदीप 'बघू' म्हणाला. मी मनातल्या मनात सहा महिने मोजून पाहिले, हेही खरं.

तर अशा दिवसांत मोबाइलवर मला त्या लाकडी खोल्या दिसल्या. वैतरणेच्या धरणाचं पाणी जिथे डोंगरांच्या मधे मधे शिरलंय, तिथे काठावर कुणीतरी पाच-सहा केबिन बांधल्या होत्या. उतरतं छप्पर, पुढे काचेचं दार, दारासमोर पाणी. मी लगेच शनिवार, रविवार आणि लागून आलेली सोमवारची सुट्टी धरून दोघांसाठी जागा ठेवली. 'विशेष निमित्त' असा एक रकाना होता, त्यात लग्नाचा विसावा वाढदिवस असं लिहिलं. तो दोन महिन्यांपूर्वीच होऊन गेला होता, पण निमित्त ते निमित्त. मग यादी केली. टॉर्च, डासांचं मलम, पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन, पायात चिखलात चालतील अशा चपला. मी भूगोल शिकवते, त्यामुळे नकाशाही छापून घेतला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी संदीप मळ्यातून आला तोच चेहरा पाडून. द्राक्षं घेणाऱ्या व्यापाऱ्याने गाडी चार दिवस अलीकडे आणली होती.

"उद्यापासून खुडा सुरू. माल तयार आहे, थांबवता येत नाही. तू एखाद्या मैत्रिणीला घेऊन जा ना."

"आदल्या दिवशी कोण मोकळं असतं?" मी म्हणाले. आवाज जरा चढलाच.

आत्या टेबलापाशी मटार सोलत होत्या. हातातली शेंग तशीच धरून त्या म्हणाल्या, "मी येऊ का?"

दीड वर्षात त्यांनी आमच्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. साधं मीठसुद्धा नाही. संदीप माझ्याकडे बघायला लागला आणि मी घाईघाईने म्हणाले, "या की. त्यात काय."

त्यांची सगळी बांधाबांध एका कापडी पिशवीत मावली.

धरण, पहिला दिवस

जाहिरातीत 'लेक' म्हणतात. तिथली माणसं धरणच म्हणतात. तुम्ही जाणार असाल तर रस्ता विचारताना धरण म्हणा, नाहीतर कुणालाच कळत नाही.

आत्या आजवर गाडीत मागेच बसलेल्या. पुढे सासरे, नाहीतर दीर, नाहीतर एखादा पाहुणा. मी पुढचं दार उघडून दिलं तर म्हणाल्या, "पुढं रस्ता अंगावर येतो." पण बसल्या. त्र्यंबक रोड सोडून पहिन्याच्या बाजूला वळलो तसा डोंगर जवळ आला. मार्च नुकताच लागला होता. गवत वाळून पिवळं पडलेलं आणि मधेच पळस असा पेटलेला, की दोनदा मी गाडी हळू केली. एका ठिकाणी आत्या म्हणाल्या, "थांबव जरा." मला वाटलं गाडी लागली. त्या खाली उतरल्या, रस्त्याकडेची मूठभर माती उचलली, चुरली, वास घेतला.

"तांबडी हाय. हिच्यात भात आणि नागली. आपल्यासारखी द्राक्षं नाय यायची इकडं."

पंधरा वर्षं मी मुलांना तांबड्या मातीचा तक्ता दाखवून शिकवते. हातात कधी घेतली नव्हती. त्यांनी उरलेली माझ्या तळहातावर ठेवली आणि मी ती झटकायची कुठे या विचारात स्टिअरिंग धरलं. तिचे डाग अजून आहेत.

केबिनवर तारामावशी नावाच्या बाई होत्या. पन्नाशीच्या, काटक, त्याच गावच्या. स्वयंपाक आणि खोल्या त्यांच्याकडे. आम्हा दोघींना बघून त्या जरा गोंधळल्या. का, ते दार उघडल्यावर कळलं. पलंगभर गुलाबाच्या पाकळ्या, टॉवेलचे दोन बगळे चोचीला चोच लावून बसवलेले, आणि तिपाईवर केक. केकवर वैशाली आणि संदीप, मधे लाल बदाम.

आत्या उंबऱ्यातच थांबल्या. "हे कुणाचं लगीन?"

"माझंच," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

तारामावशींनी पदर तोंडाला लावला. आत्या आत गेल्या, पाकळ्या एकेक वेचून पदरात घेतल्या आणि खिडकीत वाळत घातल्या. मग केकपाशी बसून म्हणाल्या, "नाव खायचं का याचं?" आणि 'संदीप'वरच सुरी ठेवली. एवढासा तुकडा तोंडात टाकून म्हणाल्या, "गोड हाय पोरगं. पण खुडा काही सोडत नाय." त्या थट्टा करू शकतात हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

खोली बाकी सुरेख होती. लाकडाचा वास, खाली गवतातून वारा, आणि समोर पाणीच पाणी. फक्त काचेच्या दाराला पडदा नव्हता. आत्यांनी दुसरं लुगडं काढून दारावर टांगलं, आणि दोन दिवस आमची ती महागडी केबिन निळ्या लुगड्याच्या उजेडात राहिली.

जेवणाबद्दल सांगायलाच हवं. आमच्याकडे भाकरी म्हणजे बाजरीची, त्यावर लोणी आणि शेंगदाण्याची चटणी. इकडे नागलीची, म्हणजे नाचणीची, काळसर तांबूस, आणि ती थापतात तव्याएवढी मोठी. सोबत धरणातले चिलापी मासे, हळद-मीठ लावून नुसते तव्यावर भाजलेले, आणि वाफाळता भात. उडदाची आमटी इतकी घट्ट की भाकरीवर वाढता येईल. आत्यांनी दोन पोळ्यांचा हिशेब सोडला आणि तीन चतकोर भाकरी खाल्ली. मग चुलीपाशी जाऊन बसल्या. तारामावशी थापत होत्या, आत्या बघत होत्या.

"पाणी गरम घेता व्हय?"

"उकळतं घ्यायचं, आई. गार पाण्यात नागली ऐकत नाय."

"आमची बाजरी गार पाण्यात बी ऐकती. पण रागीट. जरा वेळ गेला की मोडती."

दोघी अशा बोलत होत्या की जणू पोरींविषयी बोलताहेत. मी दारात उभी होते. मला एकदम जाणवलं की माझ्या स्वयंपाकघरात ही बाई कधी खाली बसलेली नाही. बसायला जागाच नाही तिथे.

दुसरा दिवस

सकाळी उठले तर शेजारची जागा रिकामी. दारावरचं लुगडं नाही. मी तशीच चपला न घालता बाहेर पळाले.

मार्चमध्ये धरणाचं पाणी मागे सरलेलं असतं. काठ आणि पाणी यांच्यामधे हिरव्या लव्हाळ्याचा सपाट पट्टा उघडा पडतो, त्यावर गाई चरतात. त्या पट्ट्याच्या टोकाला गावातल्या बाया धुणं धूत होत्या. त्यांच्यात आत्या. आपलं निळं लुगडं दगडावर आपटत होत्या. मी धापा टाकत जवळ जाईपर्यंत त्या तारामावशींना विचारत होत्या, "खोल कुठवर?"

"इकडं लय उथळ हाय, आई. पार त्या वाळक्या झाडापर्यंत कमरेएवढंच. त्याच्या पल्याड जुनी नदी. तिकडं आम्ही बी नाय जात."

आत्यांनी मान हलवली, काष्टा खोचला आणि सरळ पाण्यात चालायला लागल्या.

"आत्या!" मी ओरडले. "आत्या, कुठे चाललात? मागे या!"

त्या कमरेपर्यंत गेल्या. एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. आणि मग आडव्या झाल्या. पाण्यावर, अलगद, जशा काय गादीवर पडताहेत. एक हात पुढे गेला, मग दुसरा. आवाज नाही, शिंतोडे नाहीत. पांढरा अंबाडा तेवढा पाण्यावर सरकत होता. बाहत्तर वर्षांच्या माझ्या सासूबाई पोहत होत्या.

मला पोहता येत नाही. पाण्याची भीती वाटते. मी काठावर उभी राहून रडत होते आणि ओरडत होते, आणि धुणाऱ्या बाया धुणं सोडून हसत होत्या. वाळक्या झाडाच्या बऱ्याच अलीकडून आत्या वळल्या, परत आल्या, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. श्वास जोरात चालला होता, पण चेहरा असा की मी तो कधी पाहिलाच नव्हता.

"एवढी रडतेस काय? विसरले की काय ते बघत होते."

त्यांचं माहेर लासलगावकडे, कांद्याचं. त्यांच्या वडलांच्या शेतात पायऱ्यांची मोठी विहीर होती. सहाव्या वर्षी पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांना चुलत्याने विहिरीत सोडलं. दहाव्या वर्षी त्या काठावरून सूर मारायच्या. भावांच्या आधी तळाची माती वर आणायच्या.

"मग लग्नानंतर?"

"सासरी बी विहीर होती की. एकदा मी यांना म्हणले, दुपारची पोहू का? तुझे सासरे काय म्हणाले माहितीय?" त्या आधीच हसायला लागल्या. "म्हणाले, नवीन सून विहिरीत उडी मारताना कुणी बघितलं, तर सुनेला जाच केला म्हणून पोलीस आम्हाला धरून नेतील."

मीही हसले. मग हसू थांबलं. पन्नास वर्षांहून जास्त, रोज त्या विहिरीचं पाणी भरून ही बाई एकदाही तिच्यात उतरली नव्हती.

"ये," त्या म्हणाल्या.

मी केबिनवाल्यांचं केशरी तरंगजाकीट घालून आले. आत्यांनी ते बघितलं. "हे तरंगल. तू नाय तरंगायची. काढ." पाणी माझ्या कमरेएवढं होतं, पायाखाली वाळू लागत होती, तारामावशी दोन हात अंतरावर उभ्या. तरी जाकिटाचे बंद मी दोनदा सोडले आणि दोनदा परत बांधले, मग कुठे ते काढलं. आत्यांनी माझ्या पाठीखाली तळहात ठेवला. मुलाच्या बारशानंतर त्यांनी मला हात लावलेला मला आठवत नाही.

"मान सोड."

"सोडली."

"नाय सोडली. दगडासारखी धरलीस. मी हाय ना खाली."

कानात पाणी गेलं आणि सगळे आवाज बंद झाले. वर नुसतं आभाळ. त्यांचा हात पाठीखाली होता, मग बोटंच होती, मग... मला नाही माहीत कधी काढला. दहा-बारा श्वास मी पाण्यावर होते. मग कळलं आणि लगेच बुडाले, नाकातोंडात पाणी, आणि त्यांनी दंडाला धरून मला उभं केलं. सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर उन्हात दगडावर केस वाळवत बसलो होतो. मी त्यांना खरं सांगून टाकलं. का सांगितलं कुणास ठाऊक. ओल्या कपड्यांत खोटं बोलणं जमलं नसावं.

"आत्या, ही सहल मी तुमच्यापासून लांब जावं म्हणून ठरवली होती."

"माहितीय," त्या म्हणाल्या. "फ्लॅटच्या भिंती लय पातळ हायेत."

मला जागच्या जागी मेल्यासारखं झालं. त्या केस पिंजत राहिल्या.

"मी दार लावून बसते ना, ते तुला मोकळं वाटावं म्हणून. दमून येतेस. म्हणलं, म्हातारीचं तोंड कशाला समोर. तुला कसं वाटत होतं?"

"मला वाटायचं, तुम्ही रागावला आहात."

"कुणावर गं?" त्यांनी अगदी खरेपणाने विचारलं. दीड वर्ष आम्ही दोघी एका दाराच्या दोन बाजूंना बसून एकमेकींची सोय बघत होतो.

मग मी विचारलं, "तुम्हाला कुठे राहायचंय, आत्या? पुण्याला, की आमच्याकडे?"

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "दोन्हीकडं नाय. मला माझ्या घरी जायचंय."

"मळ्यात? एकट्या?"

"एकटी कशी? दिवसभर संदीप असतो. मळ्यात कामाला असलेली लता आणि तिचा नवरा विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत राहतात, हाक मारली की येतात. बाया असतात बागेत. फ्लॅटवर मी एकटी असते, वैशाली. तू येईस्तोवर."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलंस आज पहिल्यांदा."

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. सहा महिनेच नाही, पूर्ण बारा महिने मोकळे मिळणार होते. पण नाही वाटलं. आत्ताच तर ओळख झाली होती.

दुपारी जांभळीच्या झाडाखाली, जिथे तेवढी रेंज येते, महेशभाऊंचा फोन आला. आईला विचारलं का, म्हणाले. मी फोन आत्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानापासून वीतभर लांब धरला आणि मोठ्याने सांगितलं, "पुण्याला येईन रे. चार दिवस, पाहुणी म्हणून. आंबे घेऊन येते. राहणार मी माझ्या घरी." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. आत्या ऐकत राहिल्या, मधे मधे "हां" म्हणत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "बीपीची गोळी तिथं बी गिळता येती." आणि फोन मला परत दिला, बंद कसा करायचा ते माहीत नव्हतं म्हणून.

संध्याकाळी तारामावशींनी खेकड्यांचा रस्सा केला. आत्यांनी नागलीची एक भाकरी थापून पाहिली. ती तुटली. दुसरी जमली, आणि तारामावशींनी ती आपल्या घरी नेली, नवऱ्याला दाखवायला.

दिंडोरी

सोमवारी निघताना तारामावशींनी किलोभर नागलीचं पीठ बांधून दिलं. आत्यांनी त्यांना आपलं निळं लुगडं दिलं. त्या नको नको म्हणत होत्या. "दाराला लाव," आत्या म्हणाल्या. "पुढच्या माणसाची सोय होईल."

येताना त्या न सांगता पुढे बसल्या. नाशिक जवळ आलं, गाड्या वाढल्या. घराकडे वळायच्या आधी मी विचारलं, "आत्या, घरी?"

"दिंडोरीला घे," त्या म्हणाल्या.

"आज? सामान तरी..."

"काय लागतं? दोन लुगडी. एक तर देऊन आले."

म्हणून ही सहल तिथे संपली नाही. दिंडोरीच्या रस्त्याला द्राक्षांचे ट्रॅक्टर लागले. मळ्याच्या वाटेला वळलो तेव्हा बागेत खुडा चालू होता. ओळींमधे बाया वाकलेल्या, घड कागद घातलेल्या क्रेटमधे ठेवत होत्या. संदीप लांब टोकाला पाठमोरा होता. त्याने गाडी पाहिली नाही.

मी लताकडे किल्ली मागायला निघाले. आत्या म्हणाल्या, "थांब," आणि कमरेच्या पिशवीतून किल्ली काढली. दीड वर्ष ती त्यांच्या कमरेला होती.

कुलूप कुरकुरलं. आत धुळीचा आणि बंद धान्याचा वास. स्वयंपाकघराच्या खिडकीत कबुतराने काड्या जमवल्या होत्या, पण अंडी नव्हती, म्हणून त्या काढता आल्या. आत्यांनी पदर खोचून केरसुणी घेतली. मी घेऊ लागले तर देईनात, मग मी पाणी मारलं, त्यांनी झाडलं, लताने चूल पेटवली. गॅसची टाकी रिकामी होती. तासाभरात ओसरी अशी झाली की बसावंसं वाटावं. आत्या मधेच केरसुणी टेकवून म्हणाल्या, "शनिवारी शाळा सुटली की येत जा. मान सोडायला नीट शिकली नाहीस अजून."

"इथे कुठे पाणी आहे?"

"विहीर हाय की. आता नवीन सून थोडीच हायेस तू? तुला कोण काय म्हणतंय."

चहा उकळत होता तेव्हा संदीप आला. चुलीचा धूर बघून आला होता, घर पेटलं की काय म्हणून, धावत. दारात येऊन थांबला. हातात खुड्याची कात्री, बुटांना घोट्यापर्यंत चिखल. त्याने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या वडलांच्या फोटोकडे, जो मी नुकताच पुसला होता.

"आई? तू इथे? आणि... हे सगळं..."

एक पाऊल त्याने आत टाकलं.

"आधी बूट काढ," आत्या चहा गाळता गाळता म्हणाल्या. "आत्ताच झाडलंय."

आणि माझा सत्तेचाळीस वर्षांचा नवरा मुकाट्याने मागे सरला, पायरीवर बसला आणि नाड्या सोडू लागला.